पेरू: इंका अवशेष आणि डोंगरी गावांतील मुक्काम, मार्गदर्शकासह प्रवास कसा आखावा?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. येत्या जूनमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, सौ., माझा मेहुणा आणि त्याची पत्नी, दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात जाण्याच्या विचारात आहोत. (घरात हा विषय निघाला की आमच्या मातोश्रींना अजूनही फळच आठवते.) आम्ही सगळे पंचावन्न ते त्रेसष्ट या वयाचे आहोत, चालण्याची सवय आहे आणि पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पदयात्रा मी आजवर सात वेळा केली आहे.

एका प्रवासी कंपनीने आम्हाला अकरा दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. त्यात लिमा, कुस्को, उरुबांबा नदीचे खोरे, माचू पिच्चू, पुनो आणि टिटिकाका सरोवर हे सारे बसवलेले असून गट बत्तीस जणांचा आहे, सोबत मुंबईपासून मराठी व्यवस्थापक आहे आणि जेवण बहुतेक ठिकाणी भारतीय आहे. पत्रकात 'स्थानिक संस्कृतीचे दर्शन' असे शीर्षक असलेल्या भागासाठी एका विणकर गावात पंचेचाळीस मिनिटे राखून ठेवलेली आहेत.

माझी शंका या पंचेचाळीस मिनिटांविषयी आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात अशाच सहलीत आम्हाला 'पारंपरिक नृत्य' दाखवायला नेले होते. आमची बस थोडी लवकर पोहोचल्यामुळे ते नर्तक झाडामागे उभे राहून पिशवीतून पोशाख काढून जीन्सवर चढवताना आम्हाला दिसले. सौ. काही बोलल्या नाहीत, पण परतताना त्यांनी नृत्याचा एकही फोटो कोणाला दाखवला नाही. तसे पुन्हा घडू नये असे वाटते. तेव्हा कंपनीचा गट सोडून तिथलाच मार्गदर्शक ठरवावा काय, ठिकाणे कमी करून एखाद्या गावात दोन-तीन रात्री राहता येते काय, आणि आमच्या वयाला ते झेपेल काय, याविषयी जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इर्जिक (कागल)

आम्ही उभयता २०२३ च्या जूनमध्ये बारा रात्री तिथे होतो. लिमात एक रात्र, पुनोकडे दोन आणि उरलेल्या सगळ्या कुस्को व त्याच्या खोऱ्यात अशी विभागणी केली होती. मार्गदर्शक कुस्कोजवळच्याच एका गावचे, घरी केचुआ बोलणारे, शाळेत स्पॅनिश शिकलेले आणि इंग्रजी पर्यटकांकडून उचललेले असे गृहस्थ होते. सगळा फरक या एका गोष्टीने पडला, असे माझे मत आहे.

उदाहरण द्यायचे तर खोऱ्यातल्या ओयांताइताम्बो येथील इंका अवशेषांचे देता येईल. तिथे सूर्यमंदिराच्या जागी गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत आणि सगळे गट त्यांच्यासमोर फोटो काढून उतरतात. आमच्या मार्गदर्शकांनी आम्हाला आधी खालच्या वाटेवर नेले. या शिळांची खाण नदीच्या पलीकडच्या डोंगरात, काही किलोमीटरवर आहे. दगड तिथून खाली उतरवून, नदी ओलांडून, पुन्हा उतरणीच्या भरावावरून वर चढवावे लागत आणि त्यांतले काही वाटेतच राहून गेले. त्या वाटेतल्या दगडांना तिथे 'थकलेले दगड' म्हणतात. अशाच एका दगडाशेजारी बसून त्यांनी पिशवीतले उकडलेले मक्याचे दाणे आणि चीज आम्हाला खायला दिले, आणि दोर कुठे बांधला असेल, ओढणारी माणसे कुठे उभी राहिली असतील, ते हाताने दाखवले. वर जाऊन त्या सहा शिळा पाहिल्यावर पहिला विचार वास्तुकलेचा न येता खांद्यांचा आला.

आता गावाविषयी. खोऱ्यातल्या पिसाक या गावाच्या वरच्या अंगाला, सुमारे ३,७०० मीटरवरच्या एका वस्तीत आम्ही तीन रात्री राहिलो. जून हा तिथला हिवाळा असून बटाट्याची काढणी नुकतीच उरकलेली असते. तिथली मंडळी रात्री कडाक्याचे दहिवर पडते त्या पठारावर लहान बटाटे पसरून ठेवतात, दिवसा उन्हाने ते मऊ झाले की अनवाणी पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात, आणि असे काही दिवस करून शेवटी ते खडखडीत वाळवतात. याला चुन्यो म्हणतात आणि तो कित्येक वर्षे टिकतो. आमच्या हिने ते पाहिले आणि "हे तर वाळवणच, फक्त थंडीतले," असे म्हणून चपला काढून त्या बायकांबरोबर बटाटे तुडवायला गेली. पाच मिनिटांत तिचे पाय बधिर झाले आणि सगळ्या जणी हसू लागल्या. त्यानंतर आम्हाला कोणी पाहुणे म्हणून वागवले नाही, भांडी घासायला सरळ हाक मारली.

मार्गदर्शकांनी 'आय्नी' ही कल्पना आम्हाला दहा मिनिटे इंग्रजीत समजावून सांगितली. आज मी तुझ्या शेतावर राबतो, उद्या तू माझ्या शेतावर ये. पैशाचा संबंध नाही, पण हिशेब मात्र चोख असतो. मी हिला एवढेच म्हणालो, "पैरा." तिला तेवढे पुरले. मग मी आमच्याकडे पैरा कसा फेडतात, आणि इर्जिक असेल तर यजमानाने सगळ्यांना जेवण कसे घालायचे, ते सांगितले. या दुसऱ्या प्रकारालाही त्यांच्याकडे 'मिंका' असा स्वतंत्र शब्द आहे. घरमालकांनी मार्गदर्शकांमार्फत विचारले, "आणि एखाद्याने फेडलाच नाही तर?" मी म्हणालो की पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कोणी पाय ठेवत नाही. ते मान हलवून म्हणाले, "आमच्याकडेही हेच."

हे संभाषण पंचेचाळीस मिनिटांत होत नाही. पहिल्या दिवशी तर कोणी आमच्याशी धड बोललेही नव्हते.

जून ठरलाच असेल तर आणखी एक गोष्ट जुळवता येईल. अपुरिमाक नदीवर केस्वाचाका येथे गवताचा झुलता पूल आहे. त्याची लांबी सुमारे २८ मीटर असून चार गावे दरवर्षी जूनमध्ये जुना पूल सोडून नवा विणतात. घराघरातून इचू गवताचे बारीक दोर वळून आणतात, त्यांचे जाड दोर करतात आणि दोन्ही काठांवरून विणत मध्यावर येतात. युनेस्कोने २०१३ मध्ये या प्रथेची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली आहे. महामारीच्या वर्षी दुरुस्ती झाली नाही म्हणून २०२१ मध्ये तो पूल कोसळला आणि त्याच वर्षी जूनमध्ये गावांनी पुन्हा उभारला. कुस्कोहून मोटारीने जाऊन येण्यात पूर्ण दिवस जातो आणि रस्ता वळणावळणाचा आहे, पण पैरा म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाने तो पाहावाच.

मार्गदर्शक ठरवताना त्यांच्याकडे सरकारी परवान्याचे कार्ड आहे काय हे पाहावे, ते केचुआ बोलतात काय हे विचारावे, आणि मुक्कामाचे पैसे कोणाच्या हातात पडतात हे तर स्पष्टच विचारावे. टिटिकाकातील आमान्तानी बेटावर पाहुणे कोणत्या घरी जाणार हे गावच पाळीने ठरवते, त्यामुळे एकाच घराची चंगळ होत नाही. शेजारच्या ताकिले बेटावर पुरुष सुयांवर टोप्या विणतात. लग्न झालेल्याची टोपी पूर्ण तांबडी असते आणि अविवाहिताच्या टोपीचा वरचा भाग पांढरा असतो. तिथे वस्त्र घेताना महाद्वार रोडवर करतो तशी घासाघीस मी पहिल्या दुकानी केली आणि हिने मला तिथेच गप्प केले. हातमागावरचे एक पांघरूण पूर्ण व्हायला किती आठवडे लागतात हे तिने आदल्या दिवशीच विचारून ठेवले होते. पट्टणकोडोलीच्या यात्रेत घोंगडे घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

सह्यवेडा (गडहिंग्लज)

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण ३,७०० मीटरवर तीन रात्री हे वाक्य साठीच्या माणसाने घाईने वाचू नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. लिमा तर किनाऱ्यावरच आहे आणि तिथून विमान सव्वा तासात ३,४०० मीटरवरच्या कुस्कोला उतरवते. लेहला विमानाने गेलेल्यांना हा धक्का परिचित असेल. पन्हाळा-पावनखिंड चालल्याने पाय तयार होतात, पण विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवसच द्यावे लागतात, त्याला व्यायामाचा पर्याय नाही. म्हणून कुस्कोला उतरताच मोटारीने सरळ खाली खोऱ्यात, ओयांताइताम्बो किंवा उरुबांबाकडे जावे, जिथे उंची २,८०० मीटरच्या आसपास आहे. दोन-तीन रात्री तिथे काढाव्यात, माचू पिच्चू (सुमारे २,४३० मीटर) त्या काळात उरकावे आणि मगच कुस्को, वरची गावे आणि ३,८१२ मीटरवरचे टिटिकाका या क्रमाने चढावे. छापील सहलींत हा क्रम बहुधा उलटा असतो, कारण हॉटेलांचे गणित वेगळे असते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उंचीच्या त्रासावरचे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध घ्यावे की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चार दिवसांची इंका पायवाट करण्याचा मोह होणार असेल तर तिची सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरवर आहे हे ध्यानात ठेवावे. रोज हमाल व मार्गदर्शक धरून ५०० जणांनाच परवाना मिळतो, तोही अधिकृत संस्थेमार्फतच, आणि जूनचे परवाने महिनोन्महिने आधी संपतात. फेब्रुवारीत वाट बंद असते. माचू पिच्चूची तिकिटेही वेळ आणि फेरीचा मार्ग ठरवूनच मिळतात. चुकीचा मार्ग घेतला तर तो प्रसिद्ध देखावा दिसतच नाही आणि आत गेल्यावर मार्ग बदलता येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडेसे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यांपैकी एखादा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा पर्यटक व्हिसा लागत नाही; नसेल तर दिल्लीच्या दूतावासाकडून तो घ्यावा लागतो. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रात किमान दहा दिवस आधी घेऊन पिवळे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, अन्यथा परतल्यावर मुंबईत अडवतात. आणि तिथे घरोघरी मिळणारा कोकाच्या पानांचा चहा तिथेच पिऊन यावा. पेरूत तो कायदेशीर आहे, परंतु आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने कोकाचे पान अमली पदार्थांत मोडते. आठवण म्हणून पुडी आणणाऱ्या एका सहप्रवाशाला मी विमानतळाच्या कचरापेटीपर्यंत स्वतः सोबत केली आहे.

जुना वाटाड्या (शाहूपुरी)

मी थोडा विरोधी सूर लावतो. बत्तीस जणांचा गट म्हणजे सगळे खोटे आणि गावातला मुक्काम म्हणजे सगळे खरे, अशी सरळ वाटणी मला पटत नाही. पिशवीतून पोशाख काढणाऱ्या त्या नर्तकांनी नेमके काय चुकीचे केले? आपला शाहीर कार्यक्रमाला जाताना फेटा बांधतो, तो घरी दाढी करतानाही बांधलेला असावा अशी अपेक्षा आपण करतो काय?

कुस्कोचा इंति रायमी हा सूर्योत्सव घ्या. इंकांचा मूळ उत्सव स्पॅनिश राजवटीने सोळाव्या शतकात बंद पाडला. आज दर वर्षी २४ जूनला जो होतो तो १९४४ मध्ये जुन्या बखरींच्या आधारे नव्याने उभा केलेला आहे. त्यात इंका राजाचे काम नट करतो, संवाद पाठ केलेले असतात आणि कुस्कोलगतच्या साक्सायवामान या इंका गढीच्या पटांगणात प्रेक्षकांसाठी तिकिटाच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. म्हणजे नाटकच. पण तिकीट न परवडणारी कुस्कोची हजारो माणसे सकाळपासून शिदोरी घेऊन आजूबाजूच्या टेकड्यांवर बसलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या दृष्टीने तो उत्सव पूर्ण खरा आहे. आपल्याकडे किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात मोठा पडदा लावतात म्हणून सूर्यकिरणांचे मोल कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, भाषा. चौघांपैकी कोणालाही स्पॅनिश येत नसेल तर मध्यरात्री दुखणे आल्यावर डोंगरातल्या वस्तीत काय करणार, याचा विचार आधी करावा. माझ्या मते पंचगंगाकाठ यांनी मधला मार्ग घ्यावा. चौघांसाठी कुस्कोतील परवानाधारक मार्गदर्शक आणि मोटार ठरवावी, मुक्काम खोऱ्यातल्या साध्या हॉटेलात ठेवावा आणि वरच्या गावात फक्त एक रात्र काढावी. लिमा आणि पुनो दोन्ही गाठण्याचा हट्ट सोडावा, कारण कुस्को ते पुनो हा बसचाच सहा-सात तासांचा प्रवास आहे.

इर्जिक (कागल)

वाटाड्या साहेब, नर्तकांविषयीचे आपले म्हणणे मला मान्य आहे. माझा आक्षेप पोशाखाला नाही, घड्याळाला आहे. बस निघायची वेळ ठरलेली असली की आपणही प्रश्न विचारत नाही आणि तेही आपल्याला काही विचारत नाहीत. चिंचेरो या विणकरांच्या गावी एका बाईंनी निवडुंगावरचा कोचिनीयाचा किडा माझ्या तळहातावर चिरडला, गडद लाल रंग दाखवला आणि वर लिंबू पिळून तो नारिंगी केला. हे त्या दिवसातून वीस वेळा दाखवत असतील. पण पुढचा गट उशिरा येणार होता म्हणून त्या बसल्या आणि "तुमच्याकडे लाल रंग कशापासून काढतात?" असे त्यांनीच विचारले. मी शेतकरी असूनही मला सांगता आले नाही, याची अजून लाज वाटते.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री घरी हे सगळे वाचून दाखवले. कंपनीला नकार कळवला आहे आणि पुनो वगळले आहे. खोऱ्यात चार रात्री, वरच्या गावात दोन आणि शेवटी कुस्को, असा क्रम धरून तिथल्या दोन मार्गदर्शकांना पत्रे पाठवली आहेत. पैसे कोणाच्या हातात पडतात या प्रश्नाला एकाने उत्तर देण्याचे टाळले, दुसऱ्याने गावच्या पाळीची पद्धत सविस्तर लिहून पाठवली. त्यामुळे निवड आपोआपच झाली. आता सौ. आणि मेहुण्याची पत्नी यांची एकच चिंता उरली आहे. दोघीही पूर्ण शाकाहारी आहेत आणि तिकडे गिनीपिग भाजून खातात असे त्यांनी कुठेतरी वाचले आहे.

इर्जिक (कागल)

खातात, त्याला 'कुय' म्हणतात. पण तो सणासुदीचा किंवा मानाच्या पाहुण्यांसाठीचा बेत असतो, म्हणून आपण शाकाहारी आहोत हे मार्गदर्शकांकडून गावात आधीच कळवावे, म्हणजे कोणाचा प्राणी आणि कोणाचा मान, दोन्ही वाचतील. नुसते 'मांस नको' असे सांगितले तर कोंबडी येते, कारण मांस म्हणजे गाय-बकरी असाच तिकडे अर्थ घेतात. "नि पोयो, नि पेस्कादो", म्हणजे कोंबडीही नको आणि मासाही नको, हे शब्द वेगळे उच्चारावेत आणि सूप कशात उकळले आहे तेही विचारावे. बाकी बटाटा, मका, किनोआ, पावटा आणि चीज एवढ्यावर आमच्या हिने बारा दिवस काढले. मात्र चटणी घेऊन जा. तिथल्या 'रोकोतो' नावाच्या मिरचीने आम्हा कोल्हापूरकरांनाही चकित केले, परंतु ती पहिल्या चार दिवसांत कोणी आमच्या पुढ्यात ठेवलीच नव्हती, पाहुण्यांना तिखट सोसत नाही अशा समजुतीने.