दुबईचं भाडं आणि इथलं विवरणपत्र
"दुबईत भाड्यावर कर नाही, म्हणजे सगळं भाडं आपलंच" असं काही जण म्हणतात. अनिवासी भारतीयांपुरतं ते ठीक, पण पुण्यात राहून तिथे फ्लॅट घेणाऱ्याला लागू नाही. निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. ३० टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे कर मोजण्याआधी भाड्यातून सरसकट वजा होणारा भाग, मात्र तिथल्या घरालाही मिळते.

माझ्या ताईचा तिथे फ्लॅट आहे. तिचं प्राप्तिकर विवरणपत्र भरताना कळलं की परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, आकडे जानेवारी ते डिसेंबरचे लागतात, आर्थिक वर्षाचे नाहीत. त्यासाठी भाड्याचा हिशेब आम्हाला पुन्हा मांडावा लागला. आणि फ्लॅट रिकामा असला तरी नोंद हवीच. ती राहिली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, भाडं कितीही किरकोळ असो.