आपल्या राजकीय सभेतला पूर्वरंग कुठे गेला?

अनवट:
मराठी राजकीय भाषणाचं मूळ कीर्तनात आहे, हे सगळे कौतुकानं सांगतात. मला वाटतं, त्याचा रोगही तिथूनच आला. नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या बुवांना मधेच कोणी अडवत नाही. वयानं मोठी माणसंसुद्धा वाकून पाया पडतात. १८९३ नंतर गणेशोत्सव सार्वजनिक झाला, गाणी म्हणणारे मेळे आले, राष्ट्रीय कीर्तन आलं, आणि मांडवातला तो हात जोडलेला श्रोता जसाच्या तसा सभेत येऊन बसला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेलही, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे आपण दरवर्षी फॉरवर्ड करतो आणि संध्याकाळी सभेत "आगे बढो" ओरडतो. या दोन परंपरांची फारकत झाली पाहिजे. मतं मांडा.

टाळकरी:
साफ असहमत. कीर्तन नीट ऐकलंय का कधी? गाडगेबाबांच्या कीर्तनात निम्मं बोलणं लोकांचंच असायचं. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं लागतं का, असं विचारून उत्तर समोरच्यांकडूनच वदवून घ्यायचे. यात हात जोडलेला श्रोता कुठे दिसला तुम्हाला?

आणि नारदीय कीर्तनाची रचना बघा. पूर्वरंगात एखादं पद घेऊन निरूपण, मध्ये नामगजर, मग उत्तररंगात आख्यान. आधी विचार, नंतर गोष्ट. पुढाऱ्यांनी फक्त आख्यान उचललं. वारकरी कीर्तनात तर एकाच अभंगावर दोन तास उभं राहायचं, तेही प्रमाणं, म्हणजे संतवचनांचे दाखले, देत. बुवांनी प्रमाणाचा पहिला शब्द काढला की मागचे टाळकरी ओळ उचलतात. ओळ चुकली की तिथल्या तिथे कळतं. मंचावर नेत्याच्या मागे बसलेले काय करतात? माना डोलावतात.

खटपट्या:
टाळकरी, प्रमाणाचंच बोलायचं तर तुकोबांचं घ्या. कीर्तन करायचं तिथे जेवू नये, बुक्का लावून घेऊ नये, बैलासाठी वैरणसुद्धा मागू नये. पैसे घेणारे नि देणारे दोघेही नरकात. आज तारीख मिळवायची तर आधी बिदागी ठरते. आमच्याकडच्या सप्ताहात गेल्या खेपेला अर्धा तास नुसता सुनांवर आणि पोरींच्या मोबाइलवर गेला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, काही उठूनही गेल्या. कसलं निरूपण घेऊन बसलात!

टाळकरी:
एका बुवावरून परंपरा मोजायची असेल तर मग बोलणंच खुंटलं. बाकी गावोगाव फिरणाऱ्यानं गाडीत पेट्रोल कशाचं घालायचं तेही सांगा.

डफतुणतुणं:
दोघंही सभेचा अर्धाच वंश सांगताय. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला गाण्या-नाट्याचा जलसा विसरलात? तमाशातली गण-गवळण घेऊन त्यातच भटशाहीची उलटतपासणी. पुढे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, मग शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर. तिथे कोणी कोणाच्या पाया पडत नव्हतं. सवाल-जवाब हा त्या मांडणीचा कणाच होता. तेव्हा श्रोता मुका झाला याचं खापर कीर्तनावर फोडू नका. जलसा सभेच्या बाहेर गेला, हे खरं दुखणं.

पार्कातला:
इतकं गंभीर व्हायचं कारण नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभेत कसला पूर्वरंग? "गेल्या दहा हजार वर्षांत" ही अतिशयोक्ती आहे हे पोरासोरांना ठाऊक होतं, तरी लोक पोट धरून हसायचे. आणि १ मे १९६० उजाडलाच ना? वक्तृत्वाचं काम माणसं उभी करणं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती विचारासाठी. ज्याला निरूपण हवं त्यानं तिकडे जावं.

डफतुणतुणं:
अत्र्यांचा पूर्वरंग सकाळीच उरकलेला असायचा हो. १९५६ पासून त्यांचा दैनिक 'मराठा' निघत होता. अग्रलेख वाचून आलेल्या माणसापुढे नुसतं आख्यान लावलं तरी चालतं. आज समोरचा तीस सेकंदांचं रील बघून येतो आणि भाषणही त्या रीलसाठीच होतं.

अनवट:
म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. निरूपण असो नाहीतर जलसा, राजकारणात प्रमाण तपासणारा टाळकरी आणायचा कुठून? अभंग लोकांना पाठ असतात. जाहीरनामा कोणाला पाठ असतो?

टाळकरी:
मग करा की पाठ. मागच्या खेपेचा जाहीरनामा तोंडपाठ असलेली दहा माणसं पहिल्या रांगेत बसवा, भाषण आपोआप सुधारतं की नाही बघा.

अनवट:
पहिल्या रांगेला पास लागतो, महाराज. आणि पास कोण वाटतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.