संदर्भसूचीतील ‘कॅपिटल’ आणि ‘स्पेस’: नेमके शब्द कोणते, दुरुस्ती कोठे करावी?

प्रश्न

सॉफ्टवेअरने आपोआप तयार केलेल्या संदर्भसूचीत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, हिंदी आणि मराठी नोंदी एकत्र आल्या, की काही जर्मन नामे स्मॉल होतात, फ्रेंच शीर्षकातला जवळजवळ प्रत्येक शब्द कॅपिटल होतो आणि मराठी शब्द मध्येच तुटतात. मुद्रितशोधकाला सूचना लिहिताना ‘मोठे अक्षर’ म्हणावे की ‘कॅपिटल’? शीर्षके लिहिण्याच्या दोन पद्धतींना मराठीत काय म्हणावे? आणि दुरुस्तीला हात कोठून घालावा?

प्रतिसाद १

‘मोठे अक्षर’ हा प्रयोग सूचनेत तरी टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नसल्यामुळे मराठी वाचकाला ‘मोठे’ म्हणजे आकाराने मोठे हाच अर्थ आधी जाणवतो, आणि ‘पहिले अक्षर मोठे करावे’ एवढेच लिहिले तर टंकाचा आकार वाढवला जाण्याची शक्यता राहते. ‘आद्याक्षर’ हा शब्दही येथे निसटता आहे, कारण तो आपण नावांच्या संक्षेपासाठी वापरतो. ‘कॅपिटल’ आणि ‘स्मॉल’ हे शब्द सर्वांना कळतात, तेच ठेवावेत.

पद्धतींसाठी मी ‘शीर्षकपद्धती’ आणि ‘वाक्यपद्धती’ असे शब्द वापरतो. पहिलीत महत्त्वाचा प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतो, तर दुसरीत फक्त पहिला शब्द आणि विशेषनामे. संदर्भ कसे लिहायचे हे ठरवणाऱ्या शैलींपैकी एमएलए शैली इंग्रजी शीर्षकांना शीर्षकपद्धती लावते. एपीए शैली संदर्भसूचीतील लेखांच्या आणि पुस्तकांच्या शीर्षकांना वाक्यपद्धती लावते. मात्र हा पर्याय इंग्रजीपुरता आहे, हे विसरले की पुढचे सगळे घोटाळे सुरू होतात.

प्रतिसाद २

वरील शेवटच्या वाक्याला जोडून कारण सांगतो. झोटेरोसारखी संदर्भ साठवून सूची तयार करणारी साधने शैलीचे नियम लिहिण्याच्या ज्या सीएसएल नावाच्या संकेतभाषेवर चालतात, तिच्या नियमांनुसार शीर्षकपद्धतीचे रूपांतर फक्त इंग्रजी नोंदींना लागू होते. पण नोंदीतील ‘भाषा’ हा रकाना रिकामा असेल आणि शैलीची मूळ भाषा इंग्रजी असेल किंवा सांगितलेलीच नसेल, तर ती नोंद इंग्रजी आहे असे धरले जाते. ग्रंथालयाच्या किंवा नियतकालिकाच्या पानावरून नोंद उचलताना हा रकाना पुष्कळदा रिकामाच येतो, आणि मग जर्मन किंवा फ्रेंच शीर्षकावर इंग्रजीचा नियम चालवला जातो. म्हणून जी चूक दिसायला अक्षरांची आहे, ती मुळात भाषा न सांगितल्याची असते.

‘गेशिख्टे देअर श्प्राखे’, म्हणजे ‘भाषेचा इतिहास’, असे एक जर्मन शीर्षक समजा. जर्मनमध्ये नाम वाक्यात कोठेही आले तरी कॅपिटलनेच सुरू होते, त्यामुळे पहिला आणि तिसरा शब्द कॅपिटल, आणि मधले ‘देअर’ हे उपपद स्मॉल, हेच एकमेव बरोबर रूप आहे. शीर्षकपद्धती लावणारे साधन ‘देअर’ कॅपिटल करते. उलट, बिबटेक या सूची तयार करणाऱ्या दुसऱ्या साधनाच्या ‘प्लेन’ शैलीसारखी व्यवस्था लेखांच्या शीर्षकांतील पहिले अक्षर सोडून बाकी सगळे स्मॉल करते आणि ‘श्प्राखे’ बिघडवते. दोन्ही चुका एकाच यादीत दिसू लागल्या, तर नोंदी दोन निरनिराळ्या वाटांनी आल्या आहेत असा अंदाज करायला हरकत नाही.

उपाय साधनागणिक वेगळा आहे. सीएसएलवर चालणाऱ्या साधनात भाषेच्या रकान्यात जर्मनसाठी ‘डीई’, फ्रेंचसाठी ‘एफआर’, मराठीसाठी ‘एमआर’ हे दोन अक्षरी संकेत रोमन लिपीत भरावेत. बिबटेकमध्ये जे बदलू द्यायचे नाही ते महिरपी कंसात ठेवावे. पूर्ण शीर्षकच कंसात टाकण्याची सवय जर्मनसाठी ठीक आहे. इंग्रजीसाठी मात्र ती मला चुकीची वाटते, कारण मग शैली बदलली तरी शीर्षक बदलत नाही. तेथे विशेषनामे आणि ‘डीएनए’सारखे संक्षेप तेवढेच राखावेत. मूळ नोंद वाक्यपद्धतीने ठेवावी. वाक्यपद्धतीवरून शीर्षकपद्धती यंत्राला बहुतांशी जमते, पण उलट दिशेने जाताना विशेषनाम कोणते हे त्याला कळत नाही.

तुर्की नोंदी असतील तर आणखी सावध राहावे. त्या भाषेत टिंबाचा ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरे असून दोघांनाही आपापले कॅपिटल रूप आहे, त्यामुळे इंग्रजी नियमाने केलेला बदल अक्षरच बदलून टाकतो.

प्रतिसाद ३

स्पेसबद्दल लिहितो, कारण मराठी नोंदींचे खरे नुकसान तेथे होते. पीडीएफमधून शीर्षक उचलले की ‘अभ्यासातील’चे ‘अभ्यासा तील’ होते. हे शोधून जोडणे सोपे वाटते, परंतु तोच नियम सरसकट हिंदी नोंदींवर चालवू नये: मराठीत ‘भाषेमध्ये’ जोडून लिहायचे, तर हिंदीत ‘भाषा में’ सुटे लिहायचे. लिपी एक आहे म्हणून भाषा एक ठरत नाही, आणि लिपी पाहून भाषा ओळखणारे साधन येथे हमखास चुकते.

याहून घातक आहे ती ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ ही सफाईची आज्ञा. रफाराऐवजी येणारा अर्धा ऱ जुन्या फायलींत साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह असा साठवलेला आढळतो. ते जोडचिन्ह फालतू स्पेस समजून काढले, की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगरांमधल्या जागेचा समुद्र होतो, आणि शब्द अर्थपूर्ण असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही हटकत नाही. सफाईपूर्वी अशा ठिकाणी युनिकोडमधले स्वतंत्र ‘ऱ’ हे अक्षर घालून घ्यावे.

फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि अर्धविराम यांच्या आधी न तुटणारी अरुंद स्पेस असते. दुसऱ्या भाषेतल्या सूचीत ती ठेवावी की काढावी हे शैली ठरवते. ठेवायची असेल तर तिच्या जागी साधी स्पेस घालू नये, नाहीतर चिन्ह एकटेच पुढच्या ओळीवर जाऊन पडते.

पुरवणी प्रश्न

तयार झालेल्या सूचीतच शेवटी हाताने दुरुस्ती केली तर चालणार नाही का? शिवाय लेखकांच्या नावांतील आद्याक्षरांमध्ये स्पेस असावी की नसावी?

प्रतिसाद ४

सूची पुन्हा ताजी केली, की हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते, म्हणून ती मूळ नोंदीतच करावी. अपवाद अगदी शेवटच्या प्रतीचा. तिचा सॉफ्टवेअरशी असलेला दुवा तोडल्यावर उरलेसुरले हाताने नीट करता येते, मात्र दुवा असलेली प्रत बाजूला जपून ठेवावी.

आद्याक्षरांमधली स्पेस शैलीच्या फायलीतील एका सूचनेवर अवलंबून असते, त्यामुळे ‘वि.का.’ आणि ‘वि. का.’ यांपैकी एक रूप निवडून ते तेथेच नेमून द्यावे. मराठी सूचीसाठी मी स्पेस असलेले रूप पसंत करतो, कारण काना-मात्रांसह येणारी आद्याक्षरे दाटीने वाचायला त्रास होतो. स्पेसपेक्षा अक्षराकडे अधिक लक्ष द्यावे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव संक्षिप्त करताना जे साधन पहिला संकेतांक (संगणकात अक्षराच्या प्रत्येक घटकाला दिलेला क्रमांक) तेवढाच उचलते, ते ‘व. क. राजवाडे’ असे लिहिते. ‘ज्ञानेश्वर’चे तर नुसते ‘ज.’ उरते. अशा नोंदींत नावाच्या रकान्यात ‘वि. का.’ असे तयार रूपच भरावे, आणि सूची काढल्यावर त्या साधनाने ते पुन्हा कापलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.