मदत हवी: रविवारचं श्रमदान, सामायिक बागेत तण काढायला हत्यारं किती लागतील?

बेळगाव_पहाट
येत्या रविवारी आमचा पळणाऱ्यांचा गट एका सामायिक परसबागेत श्रमदान करणार आहे. वाफे वाटून दिलेत, पण पावसाळाभर कुणी फिरकलं नाही. सगळं माजलंय. २२ जण, ३ तास. किती विळे, किती खोरी? ब्रश कटर (गवत कापायचं यंत्र) भाड्याने घेऊ का? लवकर सांगा, शनिवारी बाजार करायचाय.

शिवारकर
जागा किती गुंठे? माती काळी की तांबडी? माजलंय ते काय माजलंय? हे कळल्याशिवाय विळ्यांचा हिशेब कसा सांगायचा ओ?

बेळगाव_पहाट
तण म्हणजे तण की. ५ गुंठे असेल. येळ्ळूर रोडच्या बाजूला, म्हणजे काळी माती. पांढऱ्या फुलांचं कमरेएवढं जास्त आहे, कडेला काटेरी झुडपं. मला फक्त आकडा हवाय.

यंत्रवाला
ब्रश कटर घ्या, तासाभरात मोकळं. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते भाड्याने देणाऱ्यालाच विचारा. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. गवताला नायलॉन दोरी, झुडपाला ब्लेड. दोरीने झुडूप तोडायला गेलात तर दोरीच संपते. डोळ्यांवर जाळी हवी, आणि १५ मीटरच्या आत दुसरं माणूस नको.

शिवारकर
५ गुंठ्यांत २२ माणसं, त्यात १५ मीटर सोडायचे! मग बाकीचे उभे राहणार कुठे, रस्त्यावर?
पांढऱ्या फुलांचं म्हणजे काँग्रेस गवत. फुलावर आलंय, त्याला कटर लावू नका. बी उडून सगळ्या वाफ्यांत पडतं, शिवाय बुडखा राहतो तो पुन्हा फुटतो. ओल आहे तोवर बुडाशी धरून मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला फडकं. दम्याचं किंवा अंगाला खाज सुटणारं माणूस या कामावर नको, त्याला पाणी वाटायला ठेवा.
आणि काळी माती आहे, वाफसा बघा. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर काम करा. चपटा होऊन बसला तर आठवडा थांबा, नाहीतर ४४ पाय तुडवून नुसती ढेकळं करतील.

सोपा_उपाय
कशाला एवढा खटाटोप? २० टक्के मिठाचं पाणी फवारा, दोन दिवसांत करपतं.

शिवारकर
रस्त्याकडेला ठीक. वाफ्यात मीठ घातल्यावर मेथी तुमच्या टेबलावर लावायची काय?

सोपा_उपाय
मग ग्लायफोसेट तणनाशक मारा.

यंत्रवाला
२०२२ च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं आहे. पळणाऱ्यांच्या हातात पंप देऊ नका.

इतिहास_प्रेमी
हे काँग्रेस गवत अमेरिकेच्या पीएल-४८० म्हणजे अन्नमदतीच्या गव्हातून आलं, हे सगळ्यांना माहीत असावं.

खानापूर_रान
पुण्यातली नोंद १९५५ ची, पीएल-४८० चा आपल्याशी पहिला करार १९५६ चा. बसवा हिशेब. आणि भुंगा सुचवणारा येण्याआधीच सांगतो: मेक्सिकन भुंगा १९८४ साली बेंगळुरात सोडला होता, काँग्रेसची पानं फस्त करतो, पण पाऊस सरला की मातीत जाऊन बसतो. रविवारी तो येणार नाही.
काटेरी झुडपं कसली? फुलं लाल-पिवळी, पान चुरगळल्यावर उग्र वास?

बेळगाव_पहाट
होय, तसंच. त्यावर एक वेलही चढलाय. परवा एकाने हात लावला, अजून खाजवतोय.

खानापूर_रान
झुडूप घाणेरी. जमिनीसरशी कापू नका, दीड फूट खुंट राखा. तो धरून हलवत कुदळीने बुडाची गाठ मातीखालून तोडा आणि उलटी करून उन्हात टाका. वर कापली की दहा फांद्या फुटतात.
वेलाच्या शेंगांवर तपकिरी लव असेल तर खाजकुयली. वारा पाठीवर घेऊन उभं राहा आणि बुडात कापा, शेंगा ओढू नका. लव अंगावर पडली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला, मग पाणी.

मळेवाली
वाफ्यात कोथिंबीर आणि लाल मुळा आधी टाका. येळ्ळूरचा बासमती भात इतक्या जागेत परवडत नाही.

बेळगाव_पहाट
लावण्याबद्दल विचारलंच नाही ओ. साफ झाल्यावर रोटाव्हेटर फिरवू का?

शिवारकर
लव्हाळा आहे का ते आधी बघा. तीन कडांची काडी, ओढली की खाली काळी गाठ. असेल तर रोटर नको, गाठींची माळ तुटून एकाच्या पन्नास जागा होतात.
आता आकडा: १२ विळे, ८ खुरपी, ४ कुदळी, ४ खोरी, १० बुट्ट्या. जोडीने काम: एक उपटणार, एक गोळा करणार. विळेवाल्यांत दोन हातांचं अंतर. फुललेलं काँग्रेस खतात नको, पोत्यात बांधून बाहेर.
जाळीच्या शूजनी शिरू नका, गमबूट घाला. साप असतो, आधी काठीने आपटत जा. जवळ अँटिव्हेनम असलेलं हॉस्पिटल कोणतं ते शनिवारीच फोन करून विचारा. चावलं तर आवळून बांधायचं नाही.

बेळगाव_पहाट
ठीक. मध्यभागी एक जुना आड आहे, कठडा पडलाय, तिकडे गवत जास्त आहे. तिथे कुदळवाले लावू का?

शिवारकर
आड आहे हे आत्ता सांगताय?

खानापूर_रान
तिथे कुणालाच लावू नका. माणसं यायच्या आधी तिघांनी काठीने चाचपत जा, काठ सापडला की चारही बाजूंनी १० फूट सोडून बांबू रोवा आणि लाल फडकी बांधलेली दोरी ओढा. काठाची माती पावसानं आतून पोकळ झालेली असते, वरून कळत नाही. आतलं गवत यावर्षी राहू दे.

बेळगाव_पहाट
बांबू ६ मिळाले. बुट्ट्या ४ कमी आहेत, कोणाकडे असतील तर सांगा.

सोपा_उपाय
पळणार किती वाजता?