गायरानाचा आराखडा गावाला विचारून करायचा, म्हणजे नक्की कसा?

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीत सदस्य आहे, पहिलीच टर्म. गावाला 40 एकरांच्या आसपास गायरान आहे, कडेने नाला. निम्म्यात वेडी बाभूळ माजलीय, बाकी उघडा माळ. सरपंच आप्पांच्या मनात यंदा तिथं काहीतरी चांगलं करायचं आहे. एका ओळखीच्या माणसाने रंगीत आराखडाही करून दिलाय: वड, पिंपळ, कडुनिंब, मधोमध बांबू, कोपऱ्यात बाकडी आणि सेल्फी पॉइंट. आप्पा म्हणतात, ग्रामसभेत ठेवू, लोक हात वर करतील, झालं.

माझं मन घेत नाही. मागच्या ग्रामसभेला आम्ही सदस्य, ग्रामसेवक आणि पारावरचे नेहमीचे म्हातारे, एवढेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मत विचारलं तर नुसते हात जोडलेले आले. फॉर्म छापून घरोघर फिरवू का? कोणी असं काम केलंय का?

पांझराकाठची:
भाऊ, फॉर्म नका छापू. आणि तो रंगीत कागद आधी गुंडाळून कपाटात टाका. मी साक्री तालुक्यातली. बचत गटांच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यामुळे असे कागद पुष्कळ पाहिलेत. कागद समोर ठेवला की माणसं कागदापुरतीच बोलतात. बाकडं इथं नको, तिथं घ्या. त्यापलीकडे कोणी जात नाही, कारण मुख्य गोष्ट ठरलीय हे त्यांना दिसतं.

शिवारफेरी काढा. जलयुक्त शिवार योजनेच्या वेळी झाली तशी फोटोपुरती नको. त्या गायरानात रोज कोण जातं ते आधी बघा. शेळ्यावाल्या बाया, सरपणाला जाणाऱ्या, करटुली नि तरोटा खुडणाऱ्या. त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे. आमच्याकडे पहिल्यांदा बोलावलं तेव्हा एक आजी फटकन म्हणाली, "आमले कोन इचारस?" तीच फेरीत सगळ्यात पुढे होती.

वेडी बाभूळ सरसकट काढायची असं आमच्या पुढाऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आजीने एका झुडपाची फांदी वाकवून शेंगा दाखवल्या. उन्हाळ्यात दुसरं काही नसतं तेव्हा शेळ्या यावर निघतात, आणि गावातल्या अर्ध्या चुली याच लाकडावर. एकदम काढलीत तर आम्ही जायचं कुठं? तिला बाभळीचा काही लळा नव्हता, काट्यांनी तिचे पाय फुटलेले. मग ठरलं असं की एक पट्टा यंदा, पुढचा पट्टा पुढच्या वर्षी, आणि तोडलेलं लाकूड त्याच बायांच्या घरी. खोडं मुळासकट उपटायची हेही तिनेच सांगितलं. वरून तोडली की ती बुंध्यापासून दुप्पट फुटते, हे आमच्यातल्या कोणालाच सुचलं नव्हतं. मोकळ्या पट्ट्यात मारवेल आणि पवन्या गवत पेरलं.

विचारताना "काय हवं?" असं विचारू नका. काय हवं म्हटलं की गाव "झाडं" म्हणणार, आणि फार तर "मंदिराला पत्रे". इथलं काय गेलं तर तुमचं अडेल, ते विचारा.

आता वेळ. आपल्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला घरंच्या घरं गुजरातेत जातात. 26 जानेवारीच्या सभेला ती नसतात, 1 मेला ऊन मी म्हणतं. आणि ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन येतात ते तर तुमच्या मतदारयादीतच नाहीत. गायरानाशी ज्यांचं सगळ्यात जास्त काम, त्यांना हात वर करायचा हक्कच नाही. आहे की नाही गंमत? त्यांच्या मुक्कामावर तुम्हीच जाऊन बसा. महिला सभाही नियमाने ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती खरोखर घ्या, रजिस्टरमध्ये अंगठे उमटवून नको.

आणखी एक. 2002 च्या जैवविविधता कायद्यात, कलम 41 मध्ये, प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितलीय, आणि त्याच्या नियमांत लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची लोकांनी सांगितलेली नोंद. म्हणजे तुम्ही विचारताय त्याला कायद्याचा आधार आहे. नोंदवही बहुतेक तुमच्याही कपाटात असेल. हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घालून राज्यांना दंडाची तंबी दिली होती, तेव्हा घाईघाईत बऱ्याच वह्या भरल्या गेल्या. आमची उघडली तर वनस्पतींत कोकम! साक्रीच्या माळावर कोकम! कुठल्या तरी कोकणच्या वहीवरून उतरवलेलं असणार. तुमची फेरीत सोबत न्या आणि तिथंच खोडून दुरुस्त करा.

आमच्या साक्रीतलं बारीपाडा, गावाने मिळून जंगल राखलेलं, तुमच्यापासून लांब नाही. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून जो तो जंगलाचे फोटो बघून येतो. मला विचाराल तर तिथली वनभाजी स्पर्धा बघा. बाया रानातल्या भाज्या शिजवून मांडतात, नावं सांगतात, कुठली कधी आणि कुठे उगवते ते सांगतात. यापेक्षा चांगली नोंदवही कुठला सल्लागार भरून देणार?

माळरान_धुळे:
ताईंचं पटलं. फक्त एक भर. "उघडा माळ" म्हणजे रिकामा नव्हे. पखुर्डी, चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, तीही उन्हाळ्यात, म्हणजे बरोबर जेसीबी खड्डे मारतो तेव्हा. वड-पिंपळाच्या रांगा लावल्या की हे पक्षी निघून जातात, आणि गवतही सावलीत मरतं. खान्देशात दाट झाडी म्हणजेच निसर्ग असं डोक्यात बसलंय. अहो, रानपिंगळा 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. 1884 नंतर शास्त्रज्ञांना तो दिसलाच नव्हता. तोही गर्द अरण्यातला नाही, विरळ पानगळीच्या रानातला. लावायचीच असतील तर नाल्याकडेने थोडी अंजनाची झाडं लावा. खान्देशच्या मुरमात टिकतात, पाला गुरं खातात. बांबू माळावर नका लावू.

जुना_पाटील:
सगळं गोड आहे. पण गायरानाच्या कडेच्या पट्ट्यात अतिक्रमण करून ज्यांनी कपाशी घातलीय ते फेरीत येतील का? येतील, चहा पितील, गप्प बसतील, आणि रात्री कुंपणाच्या तारा तोडतील. आमच्या गावात हेच झालं. रोपं जनावरांनी खाल्ली असं कागदावर लिहून सगळे मोकळे झाले.

पांझराकाठची:
पाटील, खरंय. म्हणून फेरीच्या आधी तलाठ्याकडून गावनकाशा आणि गट नंबर घ्यायचा, लागली तर भूमी अभिलेखकडे मोजणीची फी भरायची. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलंय. पण तो कागद पहिल्याच दिवशी फडकवला तर कोणी तोंड उघडणार नाही. शिवाय पाव एकरात पोट भरणारा भूमिहीन आणि पाच एकर दाबून बसलेला पुढारी यांना एकाच तराजूत तोलू नका. हे सगळ्यांसमोर बोललं गेलं पाहिजे, सदस्यांच्या बंद खोलीत नाही.

राखणीचं म्हणाल तर आपल्याच पांझरा नदीवरची फड पद्धत आठवा, बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, आणि दोघांनाही बागाईतदारच नेमायचे, तेच मोबदला द्यायचे. सरकारी चौकीदार नव्हता. गायरानाचेही तसे तुकडे पाडा. एक तुकडा दोन पावसाळे बंद, बाकीचे खुले, मग पाळी बदला. राखणदाराचं मानधन कोण देणार ते त्याच सभेत ठरवा. आमच्याकडे घरटी थोडी वर्गणी आणि कापलेल्या गवताचा लिलाव, यावर चाललंय. ओढाताण होते, नाही असं नाही. बंद तुकड्यात कोण शिरलं यावरून दर महिन्याला एक भांडण असतंच.

बोरीकाठ:
सगळ्यांचे आभार. आप्पांशी बोललो. बांबू आणि सेल्फी पॉइंट सोडायला तयार नाहीत, पण फेरीनंतरच आराखडा पुढे न्यायचा, एवढं कबूल केलंय. नोंदवहीही सापडली, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. फेरी रविवारी सकाळी 8 ला ठेवतोय, चालेल ना?

पांझराकाठची:
नाही चालणार. सकाळी 8 ला बाया निंदणीला गेलेल्या असतात, घरी असल्या तर भाकरी थापत असतात. दुपारी 4 ला निघा, शेळ्या अजून माळावर असतात तेव्हा. आणि आप्पांना सोबत न्या, गाडीवर नाही, पायी.