निवृत्तीनंतर एकटीने राहण्यासाठी पायी फिरता येणारी, माणसांची वस्ती कशी पारखावी?

प्रश्न

येत्या वर्षभरात मी नोकरीतून निवृत्त होत आहे. मी एकटी राहते आणि पुढेही एकटीच राहणार आहे, त्यामुळे निवृत्तीनंतरचे घर कुठे असावे याचा विचार आतापासूनच सुरू केला आहे. माझ्या अटी दोनच आहेत. रोजची कामे पायी उरकता यावीत, कारण आज मला गाडी चालवता येत असली तरी ती शेवटपर्यंत चालवता येईल असे गृहीत धरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आणि आसपासची माणसे अशी असावीत की चार दिवस मी दिसले नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात यावे.

पहिली अट नकाशावरून तपासता येईल असे वाटते, पण नकाशात अर्ध्या किलोमीटरवर दिसणारे दुकान प्रत्यक्षात किती दूर पडेल, हे त्यावरून कळत नाही. दुसरी अट तपासायची तरी कशी, हाच प्रश्न आहे. घर दाखवणारा प्रत्येक जण ‘इथली माणसे फार चांगली आहेत’ असेच सांगतो. सध्या माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: शहराबाहेरची, झाडाझुडपांतली अतिशय शांत वसाहत, जुन्या, गजबजलेल्या भागातली लहानशी सदनिका, आणि केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेले एक संकुल. ज्यांनी असा निर्णय स्वतः घेतला आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया सांगावे की बाहेरून येणाऱ्या माणसाने या गोष्टी कशा पारखून घ्याव्यात.

पहिला प्रतिसाद

माझी बरीच वर्षे नगररचनेच्या कामात गेली आहेत, म्हणून मी चालण्यापुरतेच लिहितो; माणसांविषयी इतर कोणी अधिक चांगले सांगू शकेल.

गाडी सुटण्याविषयीची आपली शंका अगदी रास्त आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सत्तरीच्या पुढे वाहन चालवणारे पुरुष ते बंद केल्यानंतर सरासरी सुमारे ६ वर्षे जगतात आणि स्त्रिया सुमारे १० वर्षे. म्हणजे ज्या काळासाठी आपण घर शोधत आहात, त्यातला मोठा हिस्सा गाडीविनाच जाणार आहे असे धरून चालावे.

घर पाहायला जाल तेव्हा आजच्या आपल्या चालीने अंतर मोजू नका. अनेक ठिकाणी पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरले जात आले आहे. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींचा चालण्याचा वेग तपासणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर भरला. बारा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला पहिल्या हिशेबाने १० सेकंद लागतात आणि शेवटच्या हिशेबाने १५. ते मधले पाच सेकंद रस्त्याच्या मधोमध, सुटलेल्या गाड्यांसमोर काढावे लागतात. म्हणून दुकान, दवाखाना आणि बसथांबा यांच्या वाटेवर मोठा रस्ता आडवा येत असेल, तर त्याच्या मध्यभागी थांबण्यासाठी सुरक्षित जागा आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. ती नसेल तर पलीकडचे दुकान नकाशात शंभर पावलांवर दिसत असले तरी काही वर्षांनी ते आपल्यापुरते नसल्यातच जमा होते.

दुसरी गोष्ट म्हणजे बसण्याच्या जागा. जागतिक आरोग्य संघटनेने ३३ शहरांतील ज्येष्ठांशी बोलून ज्येष्ठस्नेही शहरांविषयीची मार्गदर्शिका २००७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत बाकडी, स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृहे आणि सलग, न घसरणारे पदपथ यांना जे महत्त्व दिले आहे, ते तरुण अभियंत्यांना नेहमीच जरा जास्त वाटत आले आहे. वर्दळीच्या पादचारी भागात ५० मीटरांहून अधिक अंतराने बाकडी असू नयेत, असे ब्रिटनमधली शासकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. असे गावच्या गाव सापडणार नाही. तरीही घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर टेकता येईल अशी निदान एक-दोन ठिकाणे असली पाहिजेत, मग ते बाकडे असो किंवा योग्य उंचीचा कट्टा; कारण विसाव्याची खात्री नसली की माणूस हळूहळू बाहेर पडणेच टाळू लागतो. स्वच्छतागृहाचेही तसेच आहे. त्याविषयी बोलायला लोक संकोचतात, पण अनेकांचे फिरणे नेमके त्यापायीच आखडलेले असते.

चढ पाहताना परतीचा उतारही पाहावा. चढ दमवतो हे सर्वांना ठाऊक असते, परंतु गुडघ्यांवर उताराचा ताण अधिक येतो आणि हातात पिशवी असताना तोल जाण्याची भीतीही उतरतानाच जास्त असते. एक फेरी दिवसा आणि तीच फेरी दिवे लागल्यावर मारावी. पदपथ मध्येच संपतो का, त्यावर वाहने उभी असतात का, कडेच्या पायऱ्यांची कड अंधारात वेगळी उठून दिसते का, हे भर दुपारी कळत नाही. शक्य असल्यास ही फेरी वर्षातल्या सर्वांत वाईट हवामानात मारावी, कारण छान हवेत कुठलीही वस्ती चालण्याजोगीच वाटते.

शहराबाहेरच्या शांत वसाहतीविषयी मात्र स्पष्टच सांगतो. तिथे चालणे पुष्कळ होईल. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा हा आरोग्य संघटनेचा सल्लाही सहज पाळला जाईल. परंतु ते चालणे घरातून निघून घरीच परत येण्याचे असेल. ज्या चालण्याच्या शेवटी काहीतरी आणायचे, द्यायचे किंवा कोणाला भेटायचे असते, ते आजारपणानंतर पुन्हा सुरू होते. निव्वळ व्यायामासाठीचे चालणे एकदा मोडले की बहुधा मोडलेलेच राहते, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसाद वाचून माणसांच्या बाजूने लिहावेसे वाटले. मी समाजशास्त्र शिकवत असे.

‘मनमिळाऊ वस्ती’ शोधताना आपण नकळत मनमिळाऊ स्वभावाची माणसे शोधू लागतो, आणि तिथेच वाट चुकते. स्वभाव सगळीकडे सारखेच मिसळलेले असतात. ठिकाणागणिक वेगळे असते ते एवढेच, की तीच ती माणसे ठरवल्याशिवाय एकमेकांसमोर किती वेळा येतात. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री झाली, याचा मोठा भाग दारांमधल्या अंतरावरून आणि जिन्यांच्या जागेवरून उलगडत होता. जिन्याच्या पायथ्याशी घर असलेल्यांच्या वरच्या मजल्यावर अधिक ओळखी होत्या, कारण वरची माणसे रोज त्यांच्या दारावरून जात. म्हणून सदनिका पाहताना खिडकीतून डोंगर दिसतो की नाही यापेक्षा आपल्या दारावरून किती जणांची ये-जा असते, याकडे लक्ष द्यावे. कोपऱ्यातले, कोणाच्याही वाटेत न येणारे घर शांत असते हे खरे, पण तिथे कोणी दिसले नाही तरी ते लक्षात येण्याचे काही कारण नसते.

रहदारीचा परिणामही असाच मोठा आहे. डॉनल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन निवासी रस्त्यांची तुलना केली होती. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तुरळक रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते, तर प्रचंड रहदारीच्या रस्त्यावर ०.९. नुसत्या ओळखींचेही प्रमाण तसेच घसरले होते. तेव्हा ‘जुना, गजबजलेला भाग’ म्हणताना आपल्याला कोणती गजबज अभिप्रेत आहे, हे तपासावे लागेल; माणसांची असेल तर उत्तम, वाहनांची असेल तर आपली दुसरी अट तिथे पुरी होणे कठीण आहे.

ती ओळखण्याची एक साधी रीत सुचवते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळी तिथल्या एखाद्या दुकानासमोर किंवा वाचनालयाच्या पायरीशी थोडा वेळ उभे राहावे आणि माणसे एकमेकांना पाहून काय करतात, ते पाहावे. दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो का, सुटे पैसे मोजता मोजता दोन वाक्ये जास्तीची बोलली जातात का, एकटी आलेली म्हातारी व्यक्ती रेंगाळली तर तिला घाई केली जाते का. यातून जे कळते ते घर दाखवणाऱ्याच्या शब्दांतून कधी कळणार नाही.

एकट्या राहणाऱ्या माणसाला जिवलग मैत्री हवी असतेच, पण ती उगवायला वेळ लागतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात साध्या मैत्रीसाठी सुमारे ५० तासांचा आणि घट्ट मैत्रीसाठी २०० तासांहून अधिक सहवास लागतो असे दिसले. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्या माणसाशी साधी मैत्री जमायलाही त्या हिशेबाने सहा महिने जातात. तोपर्यंत दिवस तरतो तो दुकानदार, टपाल आणणारा, बागेत भेटणारी कुत्रेवाली बाई यांच्याशी होणाऱ्या दोन-दोन वाक्यांवर. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की अशा जुजबी ओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी अधिक वेळा बोलणे होते, त्या दिवशी लोकांना अधिक बरे वाटते. या ओळखी बहुतांशी पायी चालणाऱ्यालाच मिळतात. आपल्या दोन अटी मुळात एकच आहेत असे मी म्हणेन.

तिसरा प्रतिसाद

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी एका बाबतीत सावध करावेसे वाटते. मी स्वतः निवृत्तीनंतर अनोळखी भागात एकटा राहायला आलो. ज्या वस्तीत सगळे पिढ्यानपिढ्या राहतात, तिथली माणसे परस्परांशी इतकी बांधलेली असतात की नव्याने येणाऱ्याला त्यांच्याकडून हसून नमस्कार मिळतो, पण बसायला बोलावणे येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची माणसे आधीच पुरेशी असतात. बाहेरून आलेल्याला तीच जागा बरी, जिथे थोडीफार माणसे सतत नव्याने येत असतात आणि त्यांना सामावून घेणारे काहीतरी चालू असते: गायनाचा वर्ग, वाचकमंडळ, बागेची निगा राखणारा गट, काहीही. प्रेक्षक म्हणून जाऊन येण्याच्या कार्यक्रमांचा यासाठी फारसा उपयोग होत नाही. आपण गेलो नाही तर काम अडेल, असे काहीतरी हवे.

ज्येष्ठांच्या संकुलात ओळखी फार लवकर होतात, हे मान्य केले पाहिजे. तिथे प्रत्येकाकडे वेळ असतो आणि प्रत्येकाला सोबत हवी असते. परंतु सगळे एकाच वयाचे असले की सगळ्यांचे पायही साधारण एकाच सुमारास थकतात, आणि दहा वर्षांनी आपल्याकडे चालत येऊ शकणारे फारसे कोणी उरत नाही. ते संकुल रस्त्याला लागून असेल, त्याच्या फाटकाबाहेर पडताच दुकाने आणि शाळकरी मुले दिसत असतील, तर माझा आक्षेप पुष्कळसा कमी होतो.

पुन्हा प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. शांत वसाहतीचा विचार आता मी सोडून दिला आहे. एक शंका मात्र उरते. माझ्या सध्याच्या घराजवळ जुन्या मैत्रिणी आहेत, पण तिथे चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढावा लागतो आणि दुकाने लांब आहेत. माणसे असलेली पण चालायला अवघड जागा, आणि चालायला सोपी पण माणसे नसलेली जागा, यांत निवड करायची झाल्यास काय करावे?

दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखिकेकडून

माझे मत असे की जुन्या मैत्रिणी ज्या भागात आहेत, त्याच भागात तळमजल्याचे किंवा उद्वाहन असलेले घर मिळते का, हे आधी कसून शोधावे, मग ते घर आत्ताच्यापेक्षा लहान का असेना. आपल्यात घर बदलणे म्हणजे लांब जाणे असे का धरले जाते, हे मला कधी उमगलेले नाही. तीन गल्ल्या पलीकडे गेल्यानेही पुष्कळ काही साधते. चौथा मजला मात्र सोडावाच. तो आज चढता येतो, पण पाय मोडला किंवा शस्त्रक्रिया झाली की त्याच घरात आपण कोंडले जातो आणि मैत्रिणींनाही वर येणे जमत नाही, कारण त्याही आपल्याच वयाच्या असतात. शोधूनही घर मिळाले नाही, तर मैत्रिणींच्या घरापासून एकाच बसने, बस न बदलता पोहोचता येईल अशी जागा पाहावी. बस बदलावी लागली की भेटी विरळ होतात.

पहिल्या प्रतिसादाच्या लेखकाकडून

याला एवढेच जोडतो, की जागा कोणतीही ठरली तरी आधी भाड्याने राहावे आणि त्या काळात गाडीला हात लावू नये. औषधे आणायची, पैसे काढायचे, डॉक्टरांकडे जायचे, जड सामान घरी आणायचे, हे सारे पायी किंवा बसनेच करून पाहावे. जुने घर मात्र तोवर विकू नये, म्हणजे नव्या जागेला नकार देणे आपल्या हातात राहते. भाड्याचा करार अशा मुदतीचा करावा की वाईट हवामानाचा काळ त्यात पूर्ण येईल. आणि त्या मुदतीत घराची दुसरी किल्ली ठेवायला आपण शेजारी कोणाकडे देऊ, याचे उत्तर मिळते का ते पाहावे. तिथे राहायचे की नाही, हे त्यावरून ठरवायला हरकत नाही.