एफएफ ८ म्हणजे पाणी शेंदणं? उत्तर देतोय, दमानं वाचा

खडूस मांजर

‘स्क्वेअर कुठे चुकलं’ या कालच्या धाग्यावर आडवा_छेद यांनी स्क्वेअर कंपनीच्या १९९९ च्या फायनल फँटसी ८ (एफएफ ८) या व्हिडिओ गेमबद्दल फर्मान काढलं: "फायनल फँटसी ८ म्हणजे विहिरीवर पाणी शेंदणं. शत्रूपुढे उभं राहा, शंभर बादल्या जादू ओढा. वर आपली लेव्हल वाढली की शत्रूचीही वाढते, म्हणजे मेहनत करणारा मूर्ख." तिथे धडाधड +१ पडले, म्हणून हा वेगळा धागा.

ड्रॉ म्हणजे लढाईत शत्रूकडून जादू ओढणं. एका ड्रॉमध्ये जास्तीत जास्त ९ मिळतात. शंभर भरायला किमान १२ वेळा, तिघांचे मिळून ३६, तेही एकाच जादूसाठी. कंटाळवाणं आहेच. पण असं करायला सांगितलंय कोणी? ड्रॉ चव बघण्यापुरता. माल भरायचा तो रिफाइन करून, म्हणजे वस्तूंची जादू बनवून. सायरनला (क्वेझाकोटल, डायाब्लोस, इफ्रिट, ब्रदर्ससारखी सोबतीची शक्ती) एल मॅग-आरएफ हे रिफाइनचं कौशल्य शिकवा, दुकानातून १,००० गिलचा (खेळातलं चलन) टेंट घ्या. एका टेंटच्या १० क्युरागा (बरं करणारी जादू) होतात. दहा टेंटच्या शंभर झाल्या की एचपीला (जीवनशक्तीला) जोडा, म्हणजेच जंक्शन करा, २,२०० एचपी वाढले. झालं शेंदून.

आता लेव्हलचं. शत्रू बेतला जातो तुमच्या सरासरी लेव्हलवर, जंक्शनवर नाही. सगळी मेख इथे आहे. क्वेझाकोटलला आधी ४० एपीचं (कौशल्यगुणांचं) कार्ड शिकवा, म्हणजे शत्रूचा पत्ता बनवणं, मग ८० एपीचं कार्ड मॉड, म्हणजे पत्त्याची वस्तू बनवणं. शत्रूला अर्धमेला करून त्याचं कार्ड केलं की एपी मिळतात, एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) शून्य. मग बालंब गार्डनमध्ये (नायकाची शाळा) ट्रेपीकडून, म्हणजे क्विस्टिस या शिक्षिकेच्या चाहत्याकडून, पत्त्यांच्या डावात तिचं कार्ड जिंका आणि मॉड करा: ३ समांथा सोल ही वस्तू. डायाब्लोसच्या टाइम मॅग-आरएफनं एकाचे ६० ट्रिपल (ही एक जादू), म्हणजे एकूण १८०. त्यातले शंभर स्ट्रेंथला जोडले की +७०. नुसत्या लेव्हल वाढवून +७० मिळवून दाखवा.

आडवा_छेद

नमस्कार, पाणक्या बोलतोय.

तुमच्या कृतीत सगळं आहे, फक्त पैसे नाहीत. या खेळात राक्षस मारून गिल पडत नाही. उत्पन्न म्हणजे सीडचा (नायकाच्या भाडोत्री सैनिकदलाचा) पगार. पगार वाढवायला लेखी परीक्षा, एकूण ३० पेपर, प्रत्येकी दहा हो-नाही प्रश्न. आणि नायक स्क्वॉलची लेव्हल जितकी तितकेच पेपर देता येतात! लेव्हल १० वर गोठवलीत की अकराव्या पेपरला दार बंद. मग तिघांच्या ३० टेंटचे ३०,००० गिल काय हेडमास्तर सिड खिशातून देणार?

दुसरं. लेव्हल कमी असली की शत्रूकडची जादूही कमी दर्जाची. फायरा-फायरागाच्या जागी फायर. टाकून जाणारा मालही हलका. हे सोयीस्कररीत्या गाळलंत.

तिसरं, आणि माझ्या मते मूळ दुखणं. जोडलेली जादू वापरली की साठा घटतो आणि साठ्याबरोबर आकडा घसरतो. ट्रिपल स्ट्रेंथला लावलंय म्हणून ट्रिपल टाकायचं नाही. म्हणजे जादूच्या खेळात जादू तिजोरीत कुलूप लावून ठेवायची आणि लढायचं तलवारीनं. याला डिझाइन म्हणतात?

पॉलिगॉन

दोघांनीही मूळ माणसाचं नाव घेतलं नाही. लढाईची ही व्यवस्था हिरोयुकी इतोची. १९९१ च्या एफएफ ४ मधली एटीबी (घड्याळ चालू ठेवून लढायची पद्धत) त्याचीच, जिच्यावर पुढची दहा वर्षं निघाली. दिग्दर्शक कितासे. म्हणजे कुणा नवशिक्यानं केलेला घोळ नाही हा.

आणि स्क्वेअरचा स्वभावच तसा. एनिक्स ड्रॅगन क्वेस्टमध्ये मीठसुद्धा बदलायचं नाही, स्क्वेअर दर वेळी अख्खी फोडणी बदलायचं. १९८८ च्या एफएफ २ मध्ये कावाझूनं लेव्हलच काढून टाकली: जे वापराल ते वाढेल, मार खाल्लात तर एचपी वाढेल. लोकांनी काय केलं? आपल्याच माणसांना बडवलं. शिवाय फॅमिकॉम कन्सोलवर कमांड निवडून रद्द केली तरी ती वापरल्यात जमा व्हायची. निवडा, रद्द करा, निवडा, रद्द करा. ड्रॉचा कंटाळा त्यापुढे काहीच नाही.

आडवा_छेद

म्हणजे अकरा वर्षांत तीच चूक दुसऱ्यांदा. बचाव करताय की आरोपपत्र वाचताय?

खडूस मांजर

परीक्षेचा मुद्दा मान्य. घ्या, मिळाला एक गुण, फ्रेम करून लावा. पण एकदम तीस टेंट घ्या असं कुठे म्हटलंय? स्क्वॉलपुरते दहा घ्या. पहिल्या डिस्कवर तेवढ्यावर सहज निभतं.

आणि लेव्हल कायमची गोठवायची नाहीच. इफ्रिटकडून स्ट्रेंथ बोनस शिका, ब्रदर्सकडून एचपी बोनस, आणि मग लेव्हल चढवा. दर लेव्हलला स्ट्रेंथ कायमची +१, एचपी +३०. हे शिकण्याआधी चढलेली प्रत्येक लेव्हल वाया गेली. प्रत्येक लेव्हलला फक्त १,००० एक्सपी लागतात, लेव्हल ९ असो की ९०, त्यामुळे उशिरा चढवलं तरी अडत नाही. पेपरही तेव्हाच द्या.

जादू टाकायचीच असेल तर जंक्शनला न लावलेली टाका. प्रत्येकाकडे ३२ प्रकारच्या जादूंची जागा आहे. सगळ्या जोडल्यात असं तर नाही ना?

टेंटवाली

अवांतर, पण मांजर यांनी "क्विस्टिसचं कार्ड जिंका" हे अर्ध्या ओळीत उरकलंय ते वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मॉड केलं की ते कार्ड गेलं, आणि दुसरं मिळत नाही. मिळतं ते थेट चौथ्या डिस्कवर, कार्ड क्लब पूर्ण केला असेल तरच. इतकं तरी लिहायचं.

आणि रँडम? डॉलेट गावाचा पत्त्यांचा नियमच रँडम. तिथे डाव टाकून तसेच बालंबला येऊन खेळलात की तो बालंबमध्ये पसरू शकतो. मग तुमचे पाच पत्ते यंत्र उचलणार. जिंका आता ट्रेपीला!

पॉलिगॉन

रँडमवर उपाय आहे. यंत्र तुमच्याकडच्या सगळ्या पत्त्यांतून उचलतं. पहिल्या चार लेव्हलची फडतूस कार्डं मॉड करून टाका. हातात भारीच पत्ते उरले तर रँडम काय वाकडं करणार?

टेंटवाली

हो का? आणि ते मॉड पहिल्या डिस्कवर, कार्ड मॉडचे ८० एपी पूर्ण होण्याआधी कसं करणार? बरं, हलकी कार्डं संपवली की ओपन (पत्ते उघडे) नियम असलेल्या गावात समोरचा खेळाडू काय काढतोय ते बघून हलका पत्ता फेकायची सोयही गेली.

नियम पसरू द्यायचाच नाही, हा खरा उपाय. डावाआधी सेव्ह. समोरच्यानं "दोन्हीकडचे नियम एकत्र करू का" विचारलं की नाही म्हणायचं आणि स्थानिक नियमांनी खेळायचं. नियम पसरल्याचा निरोप आला की सेव्ह परत लोड करायचा. लाज वाटून घ्यायची नाही.

आडवा_छेद

पाहा, इतके दर्दी लोक, आणि सगळ्यांचा सल्ला काय? लढू नका, पत्ते खेळा, सेव्ह लोड करा. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय. या खेळाचा सर्वांत मजबूत भाग म्हणजे पत्त्यांचा क्लब.

आणि शेवटचं हत्यार लायनहार्ट: १ अ‍ॅडमंटाइन, ४ ड्रॅगन फँग, १२ पल्स अ‍ॅमो. एल्नॉइल राक्षसाची दहा कार्डं मॉड करून एक एनर्जी क्रिस्टल, त्याचे अ‍ॅमो-आरएफनं १० पल्स अ‍ॅमो. म्हणजे वीस कार्डं, दोन क्रिस्टल, आणि पहिल्याच डिस्कवर शेवटची तलवार. मग पुढच्या तीन डिस्क कशासाठी? सीडी बदलायच्या म्हणून?

खडूस मांजर

वीस एल्नॉइल कार्डं जमवणारा माणूस मेहनत करत नाही म्हणता? काल म्हणत होतात मेहनतीची शिक्षा होते, आज म्हणता मेहनतीला फार मोठं बक्षीस आहे. ठरवा काय ते.

आडवा_छेद

मेहनत कसली? जुगार. तेही रँडमनं पोखरलेल्या टेबलावर.

पॉलिगॉन

२०१९ च्या रीमास्टरमध्ये वेग तिप्पट होतो आणि राक्षस भेटणं बंदही करता येतं. ओढणाऱ्यांना तिप्पट वेगानं ओढू द्या, पत्तेवाल्यांना पत्ते खेळू द्या. पार्श्वचित्रं अजून धूसर आहेत, ती मात्र कुणी सुधारली नाहीत, त्यावर वेगळा धागा काढतो.

टेंटवाली

काढा, पण आधी हे सांगा: डॉलेटमधला मूळचा रँडम घालवायला बालंबमध्ये फक्त ओपन ठेवून एक डाव खेळून जायचं, हा क्रम बरोबर ना? इथे कुणी डावाआधी सेव्ह करण्याबद्दल ज्ञान देऊ नका, ते मीच दिलंय.